मातीच्या अहवालातले आकडे खडकाकडे बघून वाचायचे

प्रश्न थोडक्यात असा: ग्रॅनाइटच्या टेकडीच्या उतारावर जमीन आहे. वरच्या १५ सेंटिमीटर मातीची गॅमा तपासणी करून घेतली. अहवालात किलोमागे युरेनियम-२३८ चे ५८, थोरियम-२३२ चे ११२, पोटॅशियम-४० चे १,०५० आणि सिझियम-१३७ चे २.४ बेक्वेरेल आले (१ बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन). जागतिक सरासरीशी ताडून पाहिलं तर थोरियम जवळपास चौपट. शेजारी म्हणतात, हा रासायनिक खतांचा परिणाम. आणखी कोणी म्हणतं, सिझियम सापडलं म्हणजे अणुभट्टीतून काहीतरी सुटलंय. तर जमीन दूषित आहे का, आणि तिथे घर बांधावं का?

जमीन दूषित नाही. पहिले तीन आकडे त्या टेकडीने दिलेत, चौथा पावसाबरोबर वरून आलाय, आणि खतांचा वाटा इतका किरकोळ आहे की या अहवालात तो वेगळा दिसणारही नाही. घराबद्दल मात्र एक गोष्ट तपासायला हवी आणि ती या अहवालात नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी सरासरीचं बघू. युरेनियम ३५, थोरियम ३०, पोटॅशियम ४०० हे जे आकडे सगळीकडे फिरतात, ते संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक वैज्ञानिक समितीने २००० साली दिलेले जगभरच्या मातीचे मध्यक आहेत. त्यात नदीकाठचा गाळ आला, वाळवंटातली वाळू आली, चुनखडकावरची माती आली, बेसाल्टवरची काळी मातीही आली. या सगळ्यांच्या मधल्या आकड्याशी ग्रॅनाइटवरची माती ताडली तर ती जास्तच भरणार. प्रश्न ‘सरासरीपेक्षा किती जास्त’ हा नाही. ‘या खडकाच्या मातीत एवढं असायला हवं का’ हा आहे.

म्हणून अहवाल हातात आला की मी बेक्वेरेल बाजूला ठेवतो आणि आकडे भूवैज्ञानिकाच्या मापात आणतो. १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) युरेनियम म्हणजे किलोमागे १२.३५ बेक्वेरेल, १ पीपीएम थोरियम म्हणजे ४.०६ आणि १ टक्का पोटॅशियम म्हणजे ३१३. या हिशेबाने तुमच्या मातीत युरेनियम ४.७ पीपीएम, थोरियम २७.६ पीपीएम आणि पोटॅशियम ३.३५ टक्के आहे. खडकांची जाण असलेल्या कोणालाही हे तीन आकडे दाखवा, जागा न सांगता तो ग्रॅनाइट म्हणेल. साध्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम ३ ते ५ पीपीएम आणि पोटॅशियम ३ ते ४ टक्के असतं, थोरियम १५ ते २० पीपीएम सहज असतं आणि काही ग्रॅनाइटांत याहून बरंच जास्त. बेसाल्टमध्ये युरेनियम बहुधा १ पीपीएमच्या आत आणि थोरियम जेमतेम १ ते ४. हाच अहवाल बेसाल्टवरच्या मातीचा म्हणून आला असता, तर प्रयोगशाळेत पिशव्यांची अदलाबदल झाली का, हे मी आधी विचारलं असतं.

ग्रॅनाइटच्याच वाट्याला हे का येतं? युरेनियम आणि थोरियमचे आयन आकाराने मोठे आणि विद्युतभारानेही जड. शिलारस थंड होताना आधी ऑलिव्हीन, पायरोक्सिन, प्लॅजिओक्लेज अशी खनिजं तयार होतात. त्यांच्या स्फटिकांत या आयनांना जागा मिळत नाही, म्हणून ते उरलेल्या रसातच राहतात. रस कमी कमी होत जातो, तशी त्यांची तीव्रता वाढत जाते. शेवटी जो सिलिकाने भरलेला, हलका रस उरतो, त्याचा ग्रॅनाइट होतो. पोटॅशियमचीही गत तीच, तेही शेवटच्या टप्प्यात फेल्डस्पार आणि अभ्रकात शिरतं. युरेनियम-थोरियम मात्र झिरकॉन, मोनाझाइट, ॲलनाइट, ॲपेटाइट अशा डोळ्यांना क्वचितच दिसणाऱ्या बारीक कणांमध्ये दाटीने बसतात. ग्रॅनाइटचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की काळ्या अभ्रकाच्या आत झिरकॉनचा एक ठिपका आणि त्याभोवती गडद वलय दिसतं. त्या ठिपक्यातून निघालेल्या अल्फा कणांनी कोट्यवधी वर्षांत अभ्रक जिथवर पोळलं, तिथवर ते वलय असतं.

हे फक्त अग्निजन्य खडकांपुरतं नाही. सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या काळ्या शेलमध्ये (चिखल दाबला जाऊन झालेल्या खडकात) युरेनियम दहापट-वीसपट होऊ शकतं, कारण ऑक्सिजन नसलेल्या समुद्रतळाशी पाण्यातलं युरेनियम अविद्राव्य होऊन तिथेच अडकतं. स्वीडनमधला ॲलम शेल याचं ठळक उदाहरण. फॉस्फेटच्या खडकातही ५० ते ३०० पीपीएम असणं नवलाचं नाही. याउलट स्वच्छ क्वार्ट्झची वाळू तिन्ही बाबतींत जवळपास रिकामी असते.

खडकाची माती होताना हे तिन्ही घटक वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात रंजक वाटतो. हवा आणि पाणी लागलं की युरेनियमचं ऑक्सिडीकरण होतं, आणि कार्बोनेट असलेल्या पाण्यात ते सुखाने विरघळून निघून जातं. थोरियम हट्टी, ते जवळपास विरघळतच नाही. भूकवचात थोरियमचं युरेनियमशी प्रमाण साधारण ३.८ ते ४ असतं. तुमच्या मातीत ते ५.९ आहे. याचा सरळ अर्थ असा की टेकडीचा ग्रॅनाइट मुळातच थोरियमने श्रीमंत आहे, किंवा खडकाची माती होताना युरेनियमचा काही भाग पाण्याबरोबर गेलाय. बहुधा दोन्ही. खात्री करायची तर माथ्यावरचा न कुजलेला, हातोडीने खणखणणारा दगड फोडून त्याचा चुरा तपासा. दगडातही प्रमाण सहाच्या आसपास आलं तर माती फक्त त्याचीच नक्कल आहे. दगडात ४ आणि मातीत ६ असेल तर युरेनियम पाण्याने धुऊन नेलंय.

उतारावर आणखी एक गोष्ट बघा. पावसाळी ओघळीत, वळणाच्या आतल्या बाजूला काळसर वाळूचा पातळ पट्टा साचलेला असतो. क्वार्ट्झची घनता २.६५, झिरकॉनची साधारण ४.६, मोनाझाइटची ५ च्या आसपास. पाणी हलकं वाहून नेतं आणि जड मागे ठेवतं. हातातला सिंटिलेशन मीटर (गॅमा किरण मोजणारं यंत्र) त्या पट्ट्याजवळ नेला की आकडा चटकन चढतो, आणि वर्णपटात थोरियमची बाजू फुगलेली दिसते. चारच पावलांवर मीटर पुन्हा खाली. एकाच जमिनीतले दोन नमुने दुप्पट-तिप्पट वेगळे का आले, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. तीच प्रक्रिया लाटांच्या हातून हजारो वर्षं चालली की केरळच्या चवरा किनाऱ्यासारखी किंवा ब्राझीलमधल्या ग्वारापारीसारखी मोनाझाइटची वाळू तयार होते. तिथली पातळी तुमच्या मातीपेक्षा कितीतरी जास्त आहे. केरळमधल्या करुनागप्पळ्ळीत रहिवाशांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जमिनीच्या किरणोत्साराबरोबर कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. नैसर्गिक किरणोत्सार खूप जास्त असलेल्या इराणमधल्या रामसरची कथा वेगळी आहे. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांनी खोलवरचं रेडियम वर आणून चुन्याच्या थरांत साठवलं, आणि लोकांनी तोच दगड घरांना वापरला.

आता तुमच्या अहवालाच्या दुसऱ्या पानाबद्दल, जे कोणी वाचत नाही. तिथे ‘युरेनियम-२३८’ पुढे बारीक अक्षरांत ६०९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट अशी गॅमा किरणांची ऊर्जा लिहिलीय. या ऊर्जेची गॅमा रेषा युरेनियमची नाही, त्याच्या विघटनातून एकामागून एक तयार होणाऱ्या घटकांच्या साखळीत खूप खाली असलेल्या बिस्मथ-२१४ ची आहे. म्हणजे प्रयोगशाळेने प्रत्यक्षात त्याच साखळीतलं रेडियम-२२६ मोजलं आणि युरेनियम त्याच्याइतकंच आहे असं गृहीत धरलं. जुन्या, बंदिस्त खडकात हे चालतं, पण मातीत दोघांची फारकत होते, कारण युरेनियम विरघळून जातं आणि रेडियम मातीच्या कणांना चिकटून राहतं. वर थोरियम-युरेनियमच्या प्रमाणावरून मी जे म्हटलं, ते म्हणूनच थोडं हात राखून घ्या. खरं युरेनियम ५८ पेक्षा कमीही असू शकेल. काही ठिकाणी १८६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा वापरून काम लवकर उरकतात. पण तिथे रेडियम-२२६ आणि युरेनियम-२३५ यांच्या रेषा एकमेकांत इतक्या मिसळलेल्या असतात की साधा जर्मेनियम डिटेक्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. अशा अहवालावर मी भरवसा ठेवत नाही.

तुमच्या नमुन्याचं एक काम मात्र नीट झालंय: माती वाळवून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढून, हवाबंद डब्यात २८ दिवस ठेवून मग मोजली आहे. साखळीत मध्येच रेडॉन हा वायू येतो. डबा बंद नसेल तर तो निसटतो आणि त्याच्यापुढचे सगळे घटक कमी भरतात. रेडॉन-२२२ चा अर्धायुष्यकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) ३.८२ दिवसांचा. सात अर्धायुष्यं गेली की रेडियम आणि त्याच्यापुढचे घटक यांचा समतोल पुरेसा साधतो, म्हणून हे चार आठवडे. ‘दोन दिवसांत अहवाल’ अशी जाहिरात दिसली तर हे आठवा.

खतांवरचा आरोप गणिताने निकालात निघतो. समजा, स्फुरदयुक्त खतात १०० पीपीएम युरेनियम आहे, म्हणजे किलोमागे १,२३५ बेक्वेरेल. दर हेक्टरी वर्षाला २०० किलो खत टाकलं तर सुमारे २ लाख ४७ हजार बेक्वेरेल जमिनीत गेले. नांगरटीचा २० सेंटिमीटरचा थर हेक्टरी साधारण २६ लाख किलो भरतो. भागाकार केला की किलोमागे वर्षाला ०.०९५ बेक्वेरेल. पन्नास वर्षं सलग टाकलं आणि त्यातलं काहीच वाहून गेलं नाही, तरी पाचाच्या आतच. हे खत ज्यापासून करतात त्या फॉस्फेटच्या खडकात थोरियम एरवीही फारसं नसतं, आणि तुमचा चढा आकडा तर थोरियमचाच आहे. पालाशाच्या खताची गंमत अशी की ते खत स्वतः किलोमागे सुमारे १६,००० बेक्वेरेलचं असतं, कारण त्यात निम्मं पोटॅशियम, आणि निसर्गातल्या कुठल्याही पोटॅशियममध्ये ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतंच. पण पोटॅशियम पिकं उचलून नेतात, आणि तुमच्या मातीत फेल्डस्पारचंच पोटॅशियम भरपूर आहे. तुमच्या-माझ्या शरीरातही या क्षणी पोटॅशियम-४० चे चार हजारांच्या आसपास बेक्वेरेल आहेत. मातीतल्या पोटॅशियमची धास्ती घेणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सिझियम-१३७ मात्र कोणत्याही खडकातून येत नाही. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे ३० वर्षं, म्हणजे पृथ्वीच्या वयापुढे काहीच नाही. ते युरेनियम किंवा प्लुटोनियमच्या विखंडनातूनच, म्हणजे अणू फुटण्यातूनच येतं. पण ‘मानवनिर्मित’ म्हणजे ‘जवळच्या भट्टीतून सुटलेलं’ असं होत नाही. १९४५ ते १९८० या काळात उघड्या वातावरणात अणुस्फोटांच्या चाचण्या झाल्या, त्यातल्या मोठ्या १९६१-६२ मध्ये. धूळ वरच्या वातावरणात चढून जगभर पसरली आणि तिचा वर्षाव १९६३ च्या आसपास सर्वाधिक होता. त्या काळी पडलेल्या सिझियमचा जेमतेम चौथा हिस्सा आज उरलाय. तुमचे २.४ बेक्वेरेल १५ सेंटिमीटरच्या थरात पसरलेले धरले तर दर चौरस मीटरला साधारण ४७० बेक्वेरेल होतात. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर ‘दूषित प्रदेश’ म्हणायला ३७,००० बेक्वेरेलची सीमा वापरली गेली. तुम्ही तिच्या ऐंशी पटींनी खाली आहात. शिवाय अहवालात सिझियम-१३४ आढळलेलं नाही. भट्टीतून काही सुटलं तर ते जोडीने येतं, आणि त्याचा अर्धायुष्यकाल दोनच वर्षांचा असल्याने ताज्या गळतीची ती चांगली खूण असते. २०११ साली फुकुशिमातून दोन्ही जवळपास समसमान बाहेर पडली होती. एवढ्या कमी पातळीवर या खुणेने फक्त गेल्या काही वर्षांतली गळती नाकारता येते, जुनी नाही. पण चाचण्यांच्या काळातल्या धुळीने आकडा पूर्ण समजतो आहे, तेव्हा साप समजून भुई धोपटण्यात अर्थ नाही.

सिझियमचा मूळ खडकाशी संबंध नसला तरी ते मातीत कुठे अडकतं हे भूविज्ञानच ठरवतं. अभ्रकाची झीज होऊन इलाइट नावाचं चिकणखनिज तयार होतं. त्याच्या थरांच्या कडा जिथे थोड्या उकललेल्या असतात, तिथे सिझियमचा आयन इतका घट्ट बसतो की पिकाच्या मुळांना तो सहजी सुटत नाही. इलाइट असलेल्या मातीत अर्धशतकानंतरही बहुतेक सिझियम वरच्या १० सेंटिमीटरमध्येच सापडतं. याउलट पीटसारख्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदली मातीसारख्या) सेंद्रिय, चिकणखनिज नसलेल्या मातीत ते मोकळं राहून गवतात आणि गवतातून जनावरांत फिरत राहतं. ब्रिटनमध्ये वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगराळ कुरणांवरच्या मेंढ्यांवर चेर्नोबिलनंतर १९८६ साली घातलेले निर्बंध शेवटी २०१२ साली उठले, ते याच कारणाने. सिझियम तिथे चिकणमातीच्या सपाट प्रदेशांहून जास्त पडलं होतं हे खरं, पण २६ वर्षं टिकलं ते मातीमुळे. विखंडनातूनच येणाऱ्या स्ट्रॉन्शियम-९० ची वाट वेगळी. ते कॅल्शियमच्या मागे जातं, त्यामुळे चुना भरपूर असलेल्या जमिनीत पिकाला कमी लागतं.

नैसर्गिक काय आणि बाहेरून आलेलं काय, हे ओळखायची सगळ्यात स्वस्त रीत खोलीची आहे. न नांगरलेल्या कोपऱ्यात एक खड्डा घ्या, उभ्या भिंतीतून दर ५ सेंटिमीटरला वेगळा नमुना काढा, अर्ध्या मीटरपर्यंत. थोरियम आणि पोटॅशियम खाली जाताना तेवढंच राहील किंवा मूळ खडक जवळ येईल तसं किंचित वाढेल. सिझियम वरच्या दोन-तीन नमुन्यांत असेल आणि मग नाहीसं होईल. नांगरलेल्या जमिनीत ते नांगराच्या फाळाइतक्या खोलीपर्यंत एकसारखं मिसळलेलं असतं आणि तिथे तुटतं. उतारावर वरच्या बाजूला ते फारच कमी आणि पायथ्याशी दाट मिळालं तर ती मातीच्या धुपीची नोंद समजा. जगभर मृदा-धूप मोजायला हीच पद्धत वापरतात.

मात्रेचा हिशेब. तुमच्या तिन्ही नैसर्गिक आकड्यांवरून जमिनीपासून १ मीटर उंचीवर ताशी सुमारे १३८ नॅनोग्रे (हवेत शोषल्या जाणाऱ्या किरणोत्साराचं माप) येतात. जागतिक सरासरी ६० च्या आसपास आहे. दिवसाचा पाचवा भाग बाहेर घालवला असं धरलं तर वर्षाला ०.१७ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं माप). सगळे नैसर्गिक स्रोत मिळून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यात ही भर लहान आहे. स्वतःचा मीटर घेऊन पडताळणार असाल तर पाऊस पडून गेल्यावर लगेच मोजू नका. हवेतल्या रेडॉनची अपत्यं, म्हणजे त्याच्या विघटनातून तयार होणारे घटक, पावसाबरोबर जमिनीवर उतरतात, आकडा उगाच चढतो आणि दोन-तीन तासांत आपोआप उतरतो. ओल्या मातीत उलट होतं, पाणी गॅमा किरण अडवतं आणि आकडा नेहमीपेक्षा कमी दिसतो.

आणि आता ती राहिलेली गोष्ट: रेडॉन. वर सांगितलेल्या २.४ मिलिसिव्हर्टपैकी जवळपास निम्मा वाटा एकट्या या वायूचा आणि त्याच्या अपत्यांचा आहे, तोही बहुतांशी घरात बसून मिळालेला. मातीत रेडियम किती, यावरून घरात रेडॉन किती हे थेट सांगता येत नाही. रेडियम कणाच्या पृष्ठभागाशी आहे की झिरकॉनच्या पोटात बंद आहे, माती भुसभुशीत आहे की चिकट, खाली खडकाला तडे किंवा भ्रंश आहे का, यावर सगळं अवलंबून. ऊन-पावसाने झिजून भुसभुशीत झालेला, जाड कणांचा ग्रॅनाइट वायूला चांगली वाट देतो, म्हणून तुमच्या ५८ बेक्वेरेलकडे मी दुर्लक्ष करणार नाही. १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावर स्टॅन्ली वॉट्रस नावाचा अभियंता कामावर आला की किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची धोक्याची घंटा वाजू लागली. प्रकल्पात तेव्हा वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की तो किरणोत्सार घरून आणत होता. घराखालच्या खडकातून रेडॉन आत भरत होता.

घर अजून बांधलेलं नाही, हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. जिथे जोतं येणार तिथे ८० सेंटिमीटर ते १ मीटर खोलीवरून, चार-पाच ठिकाणी, कोरड्या दिवसांत मातीतल्या हवेचा रेडॉन मोजून घ्या. घनमीटरमागे बेक्वेरेलचा आकडा हजारांत असेल तर नेहमीची काळजी पुरे. लाखाच्या घरात गेला तर फरशीखाली खडीचा थर, त्यावर सांधे नीट चिकटवलेलं जाड प्लास्टिक, आणि खडीतून छतापर्यंत जाणारा एक उभा पाइप आताच टाकून घ्या. बांधकाम झाल्यावर हेच काम फरशी फोडून करावं लागतं. राहायला गेल्यावर झोपायच्या खोलीत तीन महिने साधा ट्रॅक डिटेक्टर (रेडॉनच्या अल्फा कणांचे ओरखडे टिपणारा प्लास्टिकचा तुकडा) ठेवा, खिडकीपासून दूर. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस घनमीटरमागे १०० बेक्वेरेलची आहे, आणि जिथे ते जमत नाही तिथेही ३०० च्या वर नको. त्याहून जास्त आलं तर त्या पाइपवर पंखा बसवायचा.